रेघ सोडून काढलेले फोटो

दार ढकललं आणि आन्सेल्मोचा हात आपोआप नाकाकडे गेला. मारिकिना नदीकाठच्या वस्त्यांत विकाऊ घरांचे फोटो काढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. तुंबलेले संडास, मेलेल्या पाली, सगळं बघून झालं होतं. पण हा वास निराळाच. सडक्या मासळीवर कुणी अत्तराची बाटली उपडी करावी, तसा.

"या कुया, या! सकाळपासून सुगंध फवारतेय," दलाल गॅटमायतानबाई म्हणाल्या. सगळे त्याला कुयाच म्हणायचे, म्हणजे दादा. त्यांच्या हातात केळीच्या पानावर गुळातला चिकट भात होता आणि त्या तो उभ्या उभ्या मजेत खात होत्या.

भिंती पांढऱ्याफेक, रंग नुकताच दिलेला. कॅमेऱ्याचा पट्टा भिंतीला घासला तसा रंगाचा पापुद्रा निघून आला. त्याखाली छातीइतक्या उंचीवर गाळाची तपकिरी रेघ.

"पाणी इथवर आलं होतं, मॅडम?"

"कुठे नाही आलं? तुमच्या घरात नाही शिरलं?"

"शिरलं ना. पण मी ते कुणाच्या गळ्यात मारत नाहीये."

"म्हणून तर तुम्ही अजून त्याच घरात राहताय!" बाई स्वतःच्याच विनोदावर हसल्या आणि आणखी एक घास तोंडात टाकला.

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार त्याने उघडायला घेतलं, तर ते हातातच आलं. लाकूड चहात बुडवलेल्या पावासारखं मऊ झालेलं. आतून झुरळांची रांग त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत पळाली. मोरीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत होतं आणि त्यात पांढरं काहीतरी वळवळत होतं. बाईंनी भाड्याने आणलेली फर्नची कुंडी पायाने सरकवून जाळीवर ठेवली.

"आता घ्या. झाड छान दिसू दे," त्या म्हणाल्या आणि बोटांवरचा गूळ चाटू लागल्या.

आन्सेल्मोने कॅमेरा खाली केला. बाहेर जाऊन तो फाटकापाशी थुंकला, आत आला आणि त्याने फोटो काढले. चांगले काढले. कोपऱ्यातून, खिडकीचा उजेड धरून, भिंतीचा फक्त वरचा भाग घेऊन. घरी बायकोने, पर्लिताने, अंघोळ केल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू दिला नाही.

नवव्या दिवशी, तो जेवायला बसलेला असताना, फोनवर निरोप आला. "कुया, फोटोच्या कोपऱ्यात तुमचं नाव आणि नंबर वाचला. मी लुझविमिंदा डुमलाव. चौदा वर्षं कुवेतला दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करते. ते घर मी घेतेय, बयाणाही दिलाय. मला काही इतक्यात येता येणार नाही, पण फोटो बघूनच मन भरलं. आईचे गुडघे गेलेत, तिला खालचीच खोली देईन. स्वयंपाकघराचा एक मोठा फोटो पाठवाल? पलंगाशेजारी लावायचाय."

त्याने ताट सरकवलं.

"काय झालं? मासा शिळा लागतोय?" पर्लिताने विचारलं.

मासा ताजा होता. त्याने सगळं सांगितलं. पर्लिता ऐकत राहिली, मग म्हणाली, "मग मला काय सांगतोस? तिला सांग."

दुसऱ्या दिवशी एक फोटो राहिलाय असं सांगून त्याने त्या घराच्या रखवालदाराकडून किल्ली घेतली. नखाने रंग खरवडला. रेघेची उंची कळावी म्हणून शेजारी केरसुणी उभी केली. कपाट, मोरी, वळवळणारे किडे, सगळ्याचे फोटो काढले आणि पाठवून दिले.

 चौथ्या दिवशी एक ओळ आली. "कुया, पहिले फोटो काढलेत तेव्हा हे दिसलं होतं?"

त्याने बरंच लिहिलं. पोटाचा धंदा, मी नसतो तर दुसऱ्या कुणी काढले असते, वगैरे. वाचून त्याची त्यालाच शिसारी आली. ते सगळं पुसलं आणि "हो" एवढंच पाठवलं. तिचं पुन्हा कधी उत्तर आलं नाही.

गॅटमायतानबाईंचा फोन मात्र आला. "तिने व्यवहार मोडला. बयाणा परत द्यावा लागला. माझ्या पोटावर पाय देताना लाज नाही वाटली?"

"मॅडम, एका म्हातारीला आपण पुराच्या पाण्यात झोपवणार होतो."

"आपण? वा! मग ते फोटो माझ्या बापाने काढले होते का?"

 त्या दिवसापासून बाईंकडचं त्याचं काम बंद झालं.

दोन महिन्यांनी घर विकलं गेलं. जाहिरातीत आन्सेल्मोचेच फोटो, फक्त कोपऱ्यातलं नाव कापलेलं. हे कळल्यावर त्याला राहवलं नाही, तो नव्या मालकाला गाठायला गेला. तिशीचा, हसतमुख गडी दारात पडद्याची दांडी ठोकत होता. आन्सेल्मोने त्याला फोटो आपण काढल्याचं सांगितलं, रेघेचं सांगितलं, मोरीचं सांगितलं, हातचं काही राखलं नाही.

"माहितीये की, कुया," तो म्हणाला. "म्हणून तर स्वस्तात पडलं. आम्ही वर राहणार. खालचं भाड्याने द्यायचंय." त्याने हातोडी खाली ठेवली आणि आन्सेल्मोच्या खांद्यावर हात ठेवला. "ते फोटो तुमचेच ना? झकास होते! खालच्या खोल्यांचे काढून द्याल का?"

आन्सेल्मो तो हात झटकून चालू लागला. वळणावर गटाराच्या कठड्याला धरून तो वाकला आणि सकाळचा भात ओकून टाकला.