सहा कोऱ्या कुंड्या

उपटलेल्या तुरीच्या रोपाची मुळे मी पाण्यात हलकेच खळबळली. मुळांवर गाठी होत्या. एक नखाने चिरली, आत गुलाबी, म्हणजे जिवाणू कामाला लागलेले. जिवाणू न घातलेल्या या कुंडीत त्या असायलाच नको होत्या.

उमरग्याजवळच्या आमच्या शेतकरी संघाच्या प्रयोगशाळेत मी जिवाणूखत तयार करीत असे. बारा कुंड्यांत भाजून निर्जंतुक केलेली वाळू होती. सहांच्या बियाण्याला आमचे जिवाणू चोळलेले, सहा कोऱ्या. दोहोंत फरक दिसला, तरच आमचे खत खरे. तो पाहायला संघाचे अध्यक्ष नानासाहेब तासाभरात येणार होते. फरक न दिसल्यास प्रयोगशाळेला कुलूप लागणार होते.

"गंगम्मा, या कुंड्यांत कुणी काय घातलं?"

बाटल्या धुणाऱ्या गंगम्माने पदराला हात पुसले. "म्याच. बाटल्या इसळल्यालं पानी."

"जिवाणूंच्या बाटल्या?"

"मग मोरीत वतू? आख्खं गाव घागर घिऊन टँकरमागं पळतंय. आन् ही सा लेकरं पिवळी पडल्याली. सा जनांला दूध, सा जनांला नुसतं पानी, ह्ये कुठलं शिक्षण वो सर?"

मला रागावताही आले नाही. जाळीघरात मी येरझारा घालू लागलो. बाहेरच्या वाफ्यातली पिवळी रोपे आणून या कुंड्यांत लावणे पंधरा मिनिटांचे काम होते. खुरपे हाती घेतले. मग ते कुठे ठेवावे, हेच सुचेना.

नानासाहेब आले. दोन्ही रांगा सारख्याच हिरव्या पाहून हसले. "काय हो शास्त्रज्ञ, तुमचं औषध कंच्या रांगेत हाय? का दोघींनी वाटून खाल्लं?"

गंगम्माच पुढे झाली.

"वाटून म्या दिलं, नानासाहेब. सरांची चूक न्हाय."

त्यांचे हसू मावळले. "पुन्हा पेरायचं तर किती दिवस?"

"चाळीस," मी म्हणालो.

"तेवढं थांबायला संचालक तयार न्हाईत. आवरा आता."

त्यांची जीप गेली. मी नोंदवही उघडून लिहिले : प्रयोग बाद. कोऱ्या कुंड्यांत जिवाणू शिरले.

"कुनी घातलं, त्ये लिव्हलं का?" गंगम्माने विचारले.

"त्याची गरज नाही."

"लिव्हा की. नऊ वर्सं हजेरीवर 'मजूर एक' येवढंच हाय."

मी लिहिले : गंगम्मा महालिंगप्पा कोरे. तिने अक्षरांना न शिवता त्यांच्यावरून बोट नेले, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"माज्या नावाला आख्खी वळ लागली व्हय?"