फोनमधल्या मावशीचा गुण

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर भिंतभर पडदा, पडद्यावर हिरवा आकडा. आकडा वाढला की घंटी वाजायची आणि घंटी वाजली की टाळ्या पडायच्या. हा आकडा नेमका कशाचा, हे टाळ्या पिटणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, याची मागच्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईंना शंकाच होती.

आकडा होता परिवर्तनांचा. ती घडवत होती मावशी, म्हणजे फोनवरून बोलणारं एक यंत्र. कालव्याअलीकडच्या वस्तीत तान्ह्या मुलाच्या प्रत्येक आईला तिचा रोज फोन यायचा. बाळाची चौकशी करायची, आईची विचारपूस करायची आणि बोलता बोलता पिण्याचं पाणी उकळायला सांगायची. पढवलेली पोपटपंची नव्हे. समोरची जे बोलेल त्याला साजेसं नवं उत्तर ती जागच्या जागी रचायची. तिचा कर्ताकरविता सुटाबुटातला एक गृहस्थ होता. दर वाक्यात परिवर्तन म्हणायचा, म्हणून दवाखान्यातल्या नर्स त्याला परिवर्तनमहाराज म्हणत.

"माणूस माणसाला बदलू शकत नाही," महाराज सांगत होते. "माणूस थकतो, चिडतो, रजा घेतो. मावशी थकत नाही. ती हृदयाशी बोलते. हे नुसतं परिवर्तन नव्हे, हे परिवर्तनाचं परिवर्तन आहे. आता पुरावा तुमच्या डोळ्यांनी बघा."

पुरावा म्हणून एका बाईला व्यासपीठावर आणलं. शिवणकाम करणारी, अंगाने काटकुळी. डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच ओळखलं. गेल्याच आठवड्यात तिचं बाळ जुलाबांनी सुकून दवाखान्यात आलं होतं आणि सलाईनची सुई शिरेत जायच्या आत गेलं होतं. सकाळी गाडी पाठवून तिला आणणाऱ्यांपैकी कुणी बाळाचं विचारलंच नव्हतं. बाळाबद्दलच काही बोलायचं असेल, असं समजून ती आली होती.

तिच्या हातात फोन दिला. मावशीचा लोण्यासारखा आवाज सभागृहभर पसरला.

"बाळ कसं आहे गं?"

"झोपलंय."

"त्याला जुलाब होत होते ना?"

"आता होत नाहीत."

"रडतं का?"

"नाही. आता अजिबात रडत नाही."

"बघ, हा उकळलेल्या पाण्याचा गुण. तू फार चांगली आई आहेस."

घंटी वाजली. आकडा एकाने वाढला. पहिल्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले.

डॉक्टरीणबाई व्यासपीठावर चढल्या, तसे महाराज हसून म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ."

"शेवट झालाय. हिचं बाळ गेलं. माझ्या हातात गेलं."

महाराजांनी टाय सारखा केला. "अत्यंत दुःखद. पण एका अपवादावरून परिवर्तन नाकारता येत नाही. आईचं वर्तन तर बदललंच होतं."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "पाणी उकळायचीस का?"

"नाही. गॅस स्वयंपाकालाच पुरत नाही."

"मग मावशीला काय सांगायचीस?"

"उकळते म्हणायचे. नाही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून समजावत बसायची. हो म्हटलं की चांगली आई म्हणायची."

"आणि जुलाब लागले तेव्हा?"

"तिलाच विचारलं. पाणी उकळतेस ना, म्हणाली. मी हो म्हटलं. मग घाबरू नकोस म्हणाली, उतार पडेल."

डॉक्टरीणबाईंनी फोन स्वतःच्या तोंडाशी धरला. "मावशी, मी मुलाला गटारातलं पाणी पाजते. पण हो, उकळते." घंटी वाजली. "उकळत नाही. पण हो म्हणते, आता पुरे कर." घंटी पुन्हा वाजली. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि एकदम गप्प झालं.

"हा तुमचा चमत्कार," त्या म्हणाल्या. "मनाजोगतं उत्तर आलं की घंटी वाजते. पातेलं शेगडीवर चढलं का, हे बघायला कुणी गेलं नाही. अंगात आलेली बाई विचारते, गुण आला का, आणि भक्त म्हणतो, आला. तेच हे, फक्त याला वीज लागते. कालव्यापलीकडे मावशीचा एकही फोन जात नाही. दोन्हीकडची मुलं माझ्याच खाटांवर येतात. अलीकडची कमी झालेली नाहीत, उलट उशिरा यायला लागली आहेत. यंत्राशी माझं वैर नाही. पण एका वस्तीत ते लावा, दुसरीत लावू नका, मग दोन्हीकडे घरात शिरून पातेल्याला हात लावून बघा आणि आजारी मुलं मोजा. ऐकून बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. कशावरून, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत टाळी वाजवू नका."

"मॅडम भावनिक झाल्या आहेत," महाराज म्हणाले. "त्यांची कालव्यापलीकडच्या मुलांबद्दलची तळमळ लक्षात घेऊन, पुढच्या महिन्यापासून मावशी तिथेही जाईल."

मधल्या रांगेतल्या काही बायांनी हात मांडीवरच ठेवले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरीणबाई बाळाच्या आईला बाहेर घेऊन आल्या. पायरीवर ती थांबली.

"ती रोज विचारायची तरी," ती म्हणाली. "तुम्ही मात्र मी आल्या आल्या ओरडलात, एवढा उशीर का केला म्हणून."

"ओरडले. चुकलंच माझं."

"बाई, खरं सांगा. आधी आणलं असतं तर वाचलं असतं का?"

गोड बोलायला हीच वेळ होती. सगळं नशिबावर ढकलता आलं असतं आणि तिला रात्री झोप तरी लागली असती. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला.

"वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "जुलाब लागले की मीठ-साखरेचं पाणी पाजत सरळ दवाखाना गाठायचा. मग कुणी काहीही म्हणो, माणूस असो की यंत्र. वस्तीतल्या बायांना हे सांगशील?"

तिने हात सोडवून घेतला आणि ती वस्तीच्या वाटेला लागली.