भगवानरावांचे डोळे, महादेवरावांची मिशी

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. वेताची नाही, बांबूची नाही, कागदाची. हसू नका. माझ्यावर बसलेल्या काठीचे दोन तुकडे झाले होते आणि त्यातला एक अजून हवेतच आहे, असं मी सगळ्यांना सांगते. तुम्ही विश्वास ठेवला नाही तरी चालेल. पण माझ्या बुडाला ही बुजवलेली भेग आहे ना, ती खरी. बोट फिरवून बघा.

माझा जन्मच मारहाणीतून झाला. गावाचं नाव सांगत नाही. देऊळघाटहून बुलढाण्याला जाणारी एसटी आमच्या अंगणात ऐकू येते, एवढं पुरे. त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणारे भगवानराव आणि महादेवराव एकमेकांविरुद्ध उभे राहिले. दोघांनी आपले फोटो छापलेली पत्रकं वाटली. प्रचार संपायच्या आत काठ्या निघाल्या. पारावर डोकी फुटली. भगवानरावांच्या मुलाचा, भागवतचा, हात मोडला. महादेवरावांचे दात पडले. ते एका कोंबडीनं दाणे समजून गिळले आणि तेव्हापासून ती कोंबडी माणसांना चावत सुटली. निवडून आला तिसराच.

मग भगवानरावांच्या बायकोनं, गोजरबाईनं, रस्त्यात पडलेली दोन्हीकडची पत्रकं पदरात भरून आणली. त्यांना या कानापासून त्या कानापर्यंत फाडलं, रांजणात बुडवलं, फुगल्यावर भिजवलेले मेथीदाणे घालून उखळात टाकलं आणि मुसळानं हाणलं. प्रत्येक घावाला पुटपुटायची, "हा भागवतच्या हाताचा. हा माह्या झोपेचा." उखळात दोन्ही पक्ष किंचाळत होते. कोण कुणाचा हे कळेनासं झालं, तेव्हा तो लगदा पालथ्या घमेल्यावर थापटून तिनं मला घडवलं. वाळल्यावर शोभेला उरलेल्या पत्रकांचे तुकडे चिकटवले. पण गोजरबाईचा चष्मा त्याच हाणामारीत फुटलेला! तिनं लावले भगवानरावांचे डोळे, आणि खाली, नेमक्या जागी, महादेवरावांची मिशी.

मला कामाला लावलं सुनेनं. काजल तिचं नाव, भागवतची बायको. पहिलटकरीण होती. थंडीत बाळ येणार, त्याला आपल्या हातानं टोपडं विणायचं, एवढाच तिचा ध्यास. लाल लोकर आणली, मोबाईलमध्ये बघून विणायला बसली. चिडली की सुया माझ्या पोटात खुपसायची. किती वार सोसले म्हणून सांगू!

"हे टोपडं होय का फास व?" गोजरबाईनं विचारलं.

"काई म्हणा, आत्याबाई. पण या घरातलं लेकरू जलमलं की पयले काठीच पायते. माह्या लेकरानं पयले टोपडं पाहावं."

गोजरबाईनं सुया माझ्या पोटातून उपसून सुनेच्या हाती दिल्या. गावात विणणारी एकच होती, अन्नपूर्णाबाई. आणि ती होती भिंतीपलीकडे, महादेवरावांची बायको. "त्या घरच्या कुत्र्याशी जरी बोलले तं टांगा तोडीन," असं भगवानरावांनी घरात बजावून ठेवलेलं.

मग दुपारी, दोन्ही पुरुष शेतात गेले की, काजल मला भिंतीवर ठेवायची. पलीकडून एक हात यायचा आणि मला उचलून न्यायचा. अन्नपूर्णाबाई काजलचं विणकाम सर्र सर्र उसवायची. माझ्या अंगावर काटा यायचा. मग थोडं नीट विणून मला परत भिंतीवर ठेवायची. काजल त्या ओळी बोटांनी चाचपून शिकायची. एकदा मात्र पलीकडून आवाज आलाच, "पोरी, सुई अशी धरतं का कोणाले भोसकाले निघाल्यावानी? हात ढिला सोड."

अशा रीतीनं टोपडं होत आलं. एक कान तेवढा राहिला होता. मी भिंतीवर ऊन खात बसले होते, आणि महादेवराव लवकर घरी आले.

"माही मिशी!" ते गरजले. "भगवान्याच्या थोबाडावर माही मिशी!"

भगवानराव त्यांच्या मागोमागच आलेले. भिंतीपाशी येऊन त्यांनी मला निरखलं. "अबे, माह्या डोयाखाली हा झाडू कोणं लावला?"

झालं! भिंतीवरचे दगड सुटले, रांजण फुटला, ती चावरी कोंबडी दोघांनाही चावली. भगवानराव काठी घेऊन भिंत ओलांडून गेले. मी धक्क्यानं पलीकडच्या अंगणात पडले आणि लोकर पायदळी गेली.

"माहं टोपडं!" म्हणत काजल फाटकातून धावत आली ती सरळ काठ्यांच्या मधे. महादेवरावांची काठी भगवानरावांसाठी वर गेली होती, आता खाली येत होती, आणि खाली होती ती पोटुशी पोर.

अन्नपूर्णाबाईनं मला लोकरीसकट उचललं, स्वतःच्या डोक्यावर पालथं घातलं, काजलला ढकललं आणि तिथं उभी राहिली.

मित्रांनो, तो घाव माझ्यावर बसला. आवाज असा झाला की लोणारात लोक आभाळातून दुसरा दगड पडला म्हणून घराबाहेर आले. मी तडकले. अन्नपूर्णाबाई मटकन खाली बसली आणि माझ्याखालून लाल लोकर ओघळली, कपाळावरून, कानावरून, गळ्यावर.

महादेवरावांच्या हातातून काठीचा उरलेला तुकडा गळाला. "अन्नपूर्णे! म्या मारली व तुले!"

"भागवत, गाडी काढ बे!" भगवानराव ओरडले. एरवी एकमेकांना काठीनंच शिवणारे ते दोघं आता तिला दोन बाजूंनी धरून रडत होते. माझ्या काठाखाली तिनं एक डोळा किलकिला केला. तो फक्त मी पाहिला. मग ती आणखी जोरात कण्हली.

"वहिनी, डोये उघडा," भगवानराव हात जोडून म्हणाले. "म्हनत असान तं हे भिंतच पाडतो."

"भिंत राहू द्या, वारा लागते," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "त्या लोकरीवरचा पाय काढा आधी. टाका सुटून राह्यला पोरीचा."

तिला कवठाएवढं टेंगूळ आलं, एवढंच. फुटले ती मी. गोजरबाईनं आणि अन्नपूर्णाबाईनं मिळून माझी भेग लगद्यानं भरली. पुढच्या महिन्यात काजलला मुलगी झाली. टोपड्याचा एक कान मोठा, एक लहान. पण तिनं डोळे उघडले तेव्हा समोर काठी नव्हती.

दोघं पुरुष सुधारले असं समजू नका. अजून भांडतात. फक्त आधी काठी दाराआड ठेवतात. ती कुणाच्या डोक्यावर पडेल याचा भरवसा उरला नाही. यंदा पुन्हा दोघे निवडणुकीला उभे राहिले, पुन्हा पत्रकं छापली. गठ्ठे घरी येताच बायकांनी ते रांजणात बुडवले आणि मुसळं त्या दोघांच्याच हाती दिली. आता एकाच उखळात, एकाचं वर तर दुसऱ्याचं खाली, दोघं घामाघूम होऊन आपापल्याच तोंडांना बडवतात. मी भिंतीवरून बघते.

तेव्हा मित्रांनो, घरातली टोपली चिरली तर फेकून देऊ नका. थोडा कागद भिजवा, मेथी घाला, भेग भरा. कधी कुणाच्या डोक्यावर बसायची वेळ येईल, सांगता येत नाही.