नऊ नंबरची खोली

परदेशी कंपनीने इथला गेम बनवणारा स्टुडिओ विकत घ्यायचा म्हटलं, की त्यात देशाला धोका आहे का ते तपासावं लागतं. हे काम नऊ नंबरच्या खोलीतल्या छाननी अधिकाऱ्यांकडे होतं. आठ महिने धोका सापडत नव्हता, त्यामुळे फाइलही संपत नव्हती. विक्री अडली तर स्टुडिओला कुलूप आणि चाळीस माणसं घरी, हे सांगायला स्टुडिओतून दर मंगळवारी एक बाई यायच्या. गेममधल्या खोल्या त्या बनवायच्या, म्हणून शिपाई त्यांना खोलीवाल्या बाई म्हणायचा.

शेवटी सहीचा दिवस उजाडला. गेम तेवढा एकदा नजरेखालून घालायचा राहिला होता. बाईंनी तो अधिकाऱ्यांच्या संगणकावर सुरू करून दिला.

"चालायचं कसं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बाणाची बटणं दाबा. दार आपोआप उघडतं. इथल्यासारखं बसून राहावं लागत नाही."

स्क्रीनवर दार उघडलं. आत हिरवं टेबल, त्याच्या आखूड पायाखाली कोंबलेलं कॅलेंडर. भिंतीवर पावणेचारला बंद पडलेलं घड्याळ. अधिकाऱ्यांनी मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. पावणेचार.

"ही माझी खोली आहे."

"हो. मनाने रचलेली खोली खेळणाऱ्याला लगेच कळते. मी जिथे बसते तिथलीच काढते. तुम्ही आठ महिने बसवलंत."

बटण दाबत ते स्क्रीनवरच्या कपाटापाशी गेले. दाराला आतून चिठ्ठी चिकटवलेली होती. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात कार्यालयाचा पासवर्ड, शेवटचं शून्य खोडून पुन्हा लिहिलेलं.

"कपाट काय, कायम उघडंच असतं," बाई म्हणाल्या.

"हे कुणी पाहिलंय?"

"खरेदीदारांनी. गेम गेल्या महिन्यात त्यांना बघायला पाठवला." बाई चाचरल्या. "पाठवायला तुमच्या सहीचं परवानगीपत्र आहे, साहेब."

"चिठ्ठी काढून टाका."

"काढते की. पण मग ती नवी आवृत्ती. तिची छाननी पहिल्यापासून. नियम तुमचाच."

अधिकारी उठले. खऱ्या कपाटातली चिठ्ठी सोलून त्यांनी फाइलला टाचली आणि खाली लिहिलं: विक्री स्थगित. धोका आढळला. ठिकाण: तिसरा मजला, खोली नऊ.

"आणि आमची चाळीस माणसं?"

"दुसरी खोली काढून आणा. आठवड्यात सही करतो." ते खुर्चीकडे बघत राहिले. "म्हणजे, तेव्हा या खुर्चीत मीच बसलेलो असलो तर."

कपाटाच्या दारावर चिठ्ठीचा फिकट चौकोन उरला होता. बाईंनी सवयीने मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. मग जीभ चावली आणि तो त्यांच्यासमोरच पुसून टाकला.