मावशीने बन खाल्ला

"तुझ्याकडे पॅड आहे का गं?" मावशीने भट्टीकडून येऊन माझ्या कानात विचारलं. आणि मी शहाणी, भर बेकरीत खणखणीत आवाजात म्हणाले, "आहे की! दप्तराच्या पुढच्या कप्प्यात!"

वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून माझा आवाज असा झालाय. गल्ल्यावर बसलेल्या काकांनी ते ऐकलं. हातातला पाव तसाच कागदावर ठेवून ते मावशीकडे बघत राहिले, आणि मावशी माझ्या दप्तराकडे.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मावशीकडे पॅड नव्हतं, कारण तिने घरातली सगळी पाकिटं माझ्या आईला देऊन टाकली होती. तसं सांगितलं होतं छान-छान बाईंनी. त्या मनाच्या शक्तीचे वर्ग घेतात आणि दर वाक्याला 'छान, छान' म्हणतात. बाळ येणारच आहे असं समजून वागा, पाळीची आठवण करून देणारी एकही वस्तू घरात ठेवू नका, छान, छान.

मला हे सगळं कसं माहीत? अहो, बेकरीत काय लपून राहतंय! शाळा सुटली की मी इथेच असते. मावशी-काकांना मूल हवंय आणि होत नाही, एवढं लहानपणापासून कानावर होतं. पण गेल्या वर्षापासून जे चाललंय त्याचा मला काही म्हणजे काही पत्ता लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांच्या तपासण्या अगदी ठीक आहेत. ठीक आहेत तर मग अडलंय कुठे? तर म्हणे, कधी कधी कारण सापडत नाही. म्हणजे पेपरात सगळी उत्तरं बरोबर आणि मार्क शून्य! मी असते तर भांडले असते.

मावशी-काका भांडले नाहीत, त्यांनी उपाय सुरू केले. डॉक्टरीणबाईंनी काकांना सांगितलं, सिगारेट सोडा आणि तापलेल्या भट्टीपुढे जरा कमी उभे राहा. काकांनी सिगारेटबरोबर भट्टीही सोडली. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या काकूंनी मावशीचा मैदा आणि साखर बंद करवली. सुया टोचणारे म्हणाले, थंड खायचं नाही. जडीबुटीवाले म्हणाले, गरम खायचं नाही. तेव्हापासून मावशी कोमट जेवते.

परिणाम काय, तर जन्मभर पाव भाजत आलेले काका गल्ल्यावर बसून पाव बांधायला कागद फाडतात, आणि मैद्याला तोंड न लावणारी मावशी दिवसभर त्याच्याच वासात भट्टीपुढे उभी. "आहे की नाही मजा?" ती म्हणायची आणि हसायची. या आठवड्यात तर फारच हसत होती. पाळी लांबली होती ना! काका तिला साधी बादली उचलू देत नव्हते.

आणि आता हे.

मावशी आतून परत आली तेव्हा गिऱ्हाइकं गेली होती. फक्त चष्मेवाल्या काकू उरल्या होत्या. त्यांना माझ्या आवाजाने सगळं कळलं होतंच.

"मनाला लावून घेऊ नकोस हं," काकू म्हणाल्या. "माझ्या नणंदेच्या ओळखीचे एक आहेत. फक्त बिया देतात. नंबर देऊ?"

"द्या," काका लगेच म्हणाले.

मावशीने ट्रेमधला एक गरम बन उचलला, मैद्याच्या पोत्यावर बसली आणि चक्क खायला लागली.

"अगं, काय करतेस?" काका ओरडलेच.

"खातेय."

"इतके दिवस पाळलंस आणि आज... हार मानलीस तू?"

"हार कसली रे? पोट दुखतंय आणि भूक लागलीय."

"पण त्या बिया—"

"खाईन की बियासुद्धा! आधी हा खाऊ दे."

काकांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली. मग मावशीच्या गालाला लागलेलं पीठ दिसलं आणि तिची घ्यावीशी वाटली. भाषणात मी कधी अडखळत नाही, पण इथे मला धड विषयच कळेना.

"मावशी, म्हणजे तू आता थांबवणार की चालू ठेवणार?" मी विचारून टाकलं.

"मला नाही माहीत गं," ती म्हणाली. "काल विचारलं असतंस तर धडाधड सांगितलं असतं. आता मला हेही कळत नाही, की कशामुळे लांबली आणि कशामुळे आली. बन खाल्ला असता तरी येणारच होती का? की कोमट जेवून जेवून आली?"

काकांनी गल्ल्यावरचा एक कागद उगाच फाडला. मग म्हणाले, "मलाही काही कळत नाही. तुला वाटेल मी सोडून दिलं, म्हणून मी आपला द्या, द्या म्हणत बसतो."

"आणि तुला वाईट वाटेल म्हणून मी उपाशी!"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. मावशी उठायला लागली.

"बस तू," म्हणत काका भट्टीच्या दाराशी गेले आणि तिथेच थबकले. "जाऊ ना?"

"जा," मावशी भरल्या तोंडाने म्हणाली. "नाहीतर नको. अरे, मला काय विचारतोस!"

धूर बाहेर यायला लागला. शेवटी दोघं एकदमच आत घुसली. ट्रे आपटल्याचा आवाज आला, पाठोपाठ मावशीचा, "मागे हो, तुला आच चालत नाही!" आणि काकांचा, "तुला तरी बन कुठे चालतो?"

काकू फोन हातात धरून उभ्या होत्या. "मग नंबर देऊ की नको?"

मी म्हटलं, द्या. मग म्हटलं, थांबा.