घसरगुंडीवरचा ठपका

रविवार, २२ मे १९८३. दुपारचे साडेबारा. ठिकाण, बेळगावात टिळकवाडीच्या मागच्या अंगाला असलेला जलविहार. अकरा वर्षांची विशाखा घसरगुंडीवरून खाली आली आणि छातीभर पाण्याऐवजी तळाच्या फरशीवर आपटली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं.

ती घसरगुंडी मी. आज मी बोलणार आहे, कारण आजवर माझ्या नावानं बाकी सगळे बोलले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: ‘घसरगुंडीवरून पडून मुलगी जखमी.’ बातमी लिहिणारा माझ्याकडे फिरकलासुद्धा नव्हता. विशाखा माझ्यावरून पडली नाही. जशी इतर मुलं येतात तशीच ती आली, दोन्ही हात वर करून, हसत. मी तिला पाण्यात सोडलं. खाली पाणी नव्हतं.

माझा जन्म १९७६ सालचा. उचगावच्या भरमा गवंड्यानं मला सिमेंटमध्ये घडवलं, वर संगमरवराच्या चिपा बसवल्या आणि दगडानं घासून अशी गुळगुळीत केली की हात ठेवला तर ठरत नसे. तलाव, बाग, कारंजं आणि मी, या सगळ्याला मिळून जलविहार म्हणायचे. चालवणारं एक मंडळ होतं. त्याचे चिटणीस रघुवीरराव, पेशानं वकील.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. माणसं पाण्यापाशी आली की खरी कळतात. कोर्टात आवाज चढवणारे वकील माझ्या शिडीवर पाय ठेवताना आधी कुणी बघत नाही ना याची खात्री करत. प्राध्यापक पोट आत ओढून घसरत आणि पाण्यात पडल्यावर सोडून देत. मला सगळे सारखेच. ओल्या पाठी मला वेगवेगळ्या लागत नसत.

मंडळाला मात्र लागत. दर रविवारी संध्याकाळी तलावाचं पाणी सोडायचं, तळ घासायचा आणि रात्री विहिरीचं नवं पाणी भरायचं, अशी पद्धत होती. काही वस्त्यांतली मुलं आली की त्यांना वेळ मिळायची ती नेमकी रविवारी चारनंतरची. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहिला असता तर निदान त्याविरुद्ध भांडता आलं असतं.

भीमाप्पा कांबळे भांडले. ते बँकेत कारकून. मूळचे निपाणीचे, आता बेळगावात खोली घेऊन राहायचे. त्यांची बहीण तानीबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आपल्या गल्लीतल्या मुलांना एक दिवस पाण्यात घालवू द्यायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. जागा बघायला दोघं विशाखाला घेऊन आठ दिवस आधी आले. विशाखा तानीबाईची धाकटी. माझ्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसून त्यांनी सगळा बेत आखला.

“पोवायचा पोशाख असल्याबिगर आत सोडत न्हाईत म्हणं,” तानीबाई म्हणाली. “म्या एकाच ताग्यातनं सगळ्यांच्या चड्ड्या शिवणार हाय. काळ्या.”

“सगळी बँडवाल्यावानी दिसतील गं आक्का.”

“दिसू देत की. एखादं हरवलं तर वळखाय बरं. आन् हे बघ, भाकरी, शेंगाची चटणी, दही. कांदा न्हाई आणायचा. तलावाला वास मारतोय म्हणतील.”

“कांदा आण. मला लागतोय.”

विशाखा हसायला लागली. “मामा, ही किती उंच हाय?” तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

“तुझ्या आईच्या रागाएवढी.”

“मंग म्या रोज चढतो की तिच्यावर.”

तेवढ्यात राखणदार मष्णू आला. “आण्णा, तुमास्नी रविवारी चारनंतर बोलावलंय.”

“चारनंतर का रं?”

“गर्दी नसत्या तवा. आन् नंतर पाणी सोडायचंच असतंय.”

तानीबाईनं त्याच्याकडे सरळ बघितलं. “म्हंजे आमची पोरं पाण्यात उतरली की तलाव धुयाचा. व्हय का न्हाय?”

“मी कशाला तसं म्हणू आक्का. वरनं सांगत्यात ते मी सांगतोय.”

भीमाप्पा उठले आणि बागेत फेऱ्या मारणाऱ्या रघुवीररावांना तिथंच गाठलं. मला सगळं ऐकू येत होतं.

“कांबळे, तुमच्या मुलांच्या सोयीचंच बघतोय,” रघुवीरराव म्हणाले. “संध्याकाळी ऊन कमी असतं.”

“तुमची मुलं किती वाजता येतात साहेब?”

“ती सकाळी येतात.”

“मग आमचीही सकाळी येतील. ऊन सगळ्यांना सारखंच लागतं.”

रघुवीररावांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, “ठीक आहे. नऊ ते एक.”

तानीबाई परत येऊन पायरीवर बसली ती हसतच. “सकाळचं पाणी,” ती लेकीला म्हणाली. एवढंच. वखारीत दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात घेणाऱ्या त्या बाईला लेकरांसाठी एक दिवस स्वच्छ पाणी हवं होतं. तिनं मागितलेलं इतकंच होतं.

ठरल्या रविवारी मुलं आली. काळ्या चड्ड्यांची फौजच. एवढा दंगा माझ्या अंगावर कधी झाला नव्हता. माझ्या शिडीवर रांग लागली, रांगेत ढकलाढकली झाली आणि भीमाप्पा “दमानं, दमानं” म्हणत स्वतःच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे राहिले. विशाखा किती वेळा घसरली ते मी मोजलं नाही. दर वेळी उतरताना ती आईला हाक मारायची आणि आई दर वेळी वर बघायची.

साडेअकराच्या सुमारास सगळी मुलं जेवायला गेली. जेवणाची जागा कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागं, आंब्याखाली. तिथून तलाव दिसत नाही. मुलांचे टॉवेल काठावर पडलेले होते. एक वाजायला अवकाश होता.

आणि पाणी उतरायला लागलं.

मला ते सगळ्यांत आधी कळलं, कारण माझं खालचं टोक पाण्याला टेकून असतं. आधी टोक सुटलं. मग भिंतीवरची निळी रेघ उघडी पडली. पाणी सोडायचा व्हॉल्व्ह पंपाच्या खोलीमागच्या खड्ड्यात आहे. तो पुरा उघडला की तासाभरात तलाव रिकामा होतो. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

आता एक गोष्ट नीट ऐका. पाणी सोडण्याआधी माझ्या शिडीला आडवी साखळी लावायची, ही जलविहाराची पहिल्या दिवसापासूनची पद्धत. मंडळानंच घालून दिलेली. मष्णू ती कधी विसरला नाही. त्या दिवशी अकराला त्याला बर्फ आणायला बाजारात पाठवलं होतं. साखळी खिळ्यालाच लटकत राहिली. कुणी म्हणेल, विसरले. मी म्हणते, साखळी लावली असती तर आंब्याखाली बसलेल्यांना कळलं असतं की पाणी सोडताहेत. भीमाप्पा पुन्हा भांडायला आले असते. एक वाजेपर्यंत वेळ त्यांची होती.

आणि एकपर्यंत थांबलं असतं तर पाचच्या आत तलाव भरला नसता. सकाळ दिल्यामुळे त्या दिवशी सभासदांची मुलंबाळं पाच वाजता यायची होती. त्यांना आमच्या पाहुण्यांनी वापरलेलं पाणी चालणार नव्हतं.

विशाखा सगळ्यांच्या आधी जेवून पळत आली. शिडी माझ्या पाठीमागं होती, तिथून तलावाचा तळ दिसत नसे. वर पोचल्यावर भर उन्हात पाणी असं चमकत होतं की छातीभर काय आणि घोटाभर काय, ओळखू येऊ नये. तिनं आईला हाक मारली आणि हात सोडले.

मग जे झालं ते वर सांगितलं आहे. तानीबाई घोटाभर पाण्यात गुडघे टेकून बसली होती. ती रडत नव्हती. “पाणी कुठं गेलं?” एवढंच प्रत्येकाला विचारत होती. मष्णू बर्फाची गोणी खांद्यावर घेऊन दारात उभा होता, खांद्यावरून पाणी गळत होतं.

समिती बसली. समितीत मंडळाचेच सभासद. त्यांनी माझी उंची मोजली, माझा उतार मोजला, माझ्या गुळगुळीतपणावर बोट फिरवलं. भरमाला उचगावहून बोलावून ‘इतकी घासलीस कशाला’ म्हणून दटावलं. व्हॉल्व्हच्या खड्ड्याकडे कुणी गेलं नाही. निष्कर्ष निघाला की घसरगुंडीची रचना सदोष आहे. माझी शिडी कापून नेली. आता मी वर जायची वाट नसलेली घसरगुंडी आहे. माझ्या अंगावर पक्षी बसतात, आणि तलाव दर रविवारी धुतला जातो.

मष्णूला कामावरून काढलं. ‘जागेवर नव्हता’ म्हणून. त्याला जागेवरून कुणी पाठवलं, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. भीमाप्पांनी अर्ज केले. त्यांना उत्तर आलं की घसरगुंडी वापरातून काढली असल्यानं विषय संपला आहे. विशाखा आता चौदा वर्षांची आहे. तिचा उजवा पाय आखूड राहिला. ती निपाणीत शाळेला जाते, असं मष्णूनं एकदा कुंपणाबाहेरून माळ्याला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

मला फोडायचं असेल तर खुशाल फोडा. सिमेंटच आहे मी. पण त्या मुलीच्या पायाचा हिशोब माझ्या नावावर मांडू नका.

व्हॉल्व्ह कुणी उघडला हे मी पाहिलं नाही. खड्डा पंपाच्या खोलीमागं आहे, म्हणून मी कुणाचं नाव घेणार नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की ते चाक जड आहे, आपोआप फिरत नाही, आणि फिरवायची लोखंडी चावी चिटणिसांच्या खोलीत कुलपात असते. २२ मे १९८३ रोजी साडेअकराच्या सुमारास ती चावी कुलपातून कुणी काढून दिली, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.