चिठ्ठीत नसलेली मुलगी

"आत ये की," मी म्हणालो. पण दाक्षायणी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"नको अण्णा. कुणी बगितलं तर तुमालाच तरास." रडून तिचे डोळे सुजले होते. "एकच मागते. आप्पांची बातमी तुमीच देणार न्हवं? माजं नाव बी नको. नुस्तं 'एक मुलगी' एवढं लिवा. तेवढं लई हाय मला."

गुरुबसप्पा आप्पा त्या दिवशी पहाटे गेले. आमच्या पेठेत त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान, आता थोरला मुलगा विरुपाक्ष ते पाहतो. दाक्षायणी त्याची धाकटी बहीण. बावीस वर्षांपूर्वी तिनं यंत्रमागावर काम करणाऱ्या एका तेलुगू मुलाशी लग्न केलं आणि त्या घराचं दार तिला बंद झालं. सकाळी आप्पांना, आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे, विभूती लावून भिंतीशी बसवलं होतं. सारी पेठ पाया पडून गेली आणि पोटची पोरगी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभी होती. मी तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. हे मला फार छान जमतं.

मी पेठेचा वार्ताहर, एकतीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, पेपरवाला म्हणजे रोज कुणाची तरी भानगड बाहेर काढत असणार. कसलं काय! मी सत्कार लिहितो, रक्तदान शिबिरं लिहितो, कुठल्या भागात नळाला कधी पाणी येणार ते लिहितो. पेठेतली खरी बातमी मला रोज कळते आणि रोज मी ती गिळतो. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच ओट्यावर सकाळी चहा प्यायचा असतो. मोठ्या शहरातला बातमीदार लिहून घरी निघून जातो. मी जायचं कुठं? माझं घर इथंच आहे.

त्यातही निधनाची बातमी सगळ्यात अवघड. पहिल्या पानावर काय होतं ते लोक दुपारपर्यंत विसरतात, पण निधनाचं कात्रण वर्षानुवर्षं कपाटात जपतात. 'पश्चात'च्या पुढं कोण आलं आणि कोण राहिलं, यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले मी पाहिलेत. म्हणून आमचा नियम एकच. घरच्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं तेवढंच छापायचं. विरुपाक्षाची चिठ्ठी माझ्या खिशात होती. पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे.

"बगतो," मी म्हणालो.

"बगतो न्हाय अण्णा. लिवतो म्हणा."

"बरं, लिवतो."

ती गेली. बायको, दानेश्वरी, आतून सगळं ऐकत होती.

"खरंच लिवणार हाय का?" ती बाहेर येत म्हणाली. "रविवारी अक्कलकोटची मानसं येनार हायती. मधी कोन हाय, ठाव हाय न्हवं?"

ठाऊक होतं. मधे विरुपाक्ष होता. आमच्या महेश्वरीला एकोणतीस संपलं. तीन स्थळं येऊन गेली, चौथं विरुपाक्षानं आणलं. त्याच्या शब्दावरच ती माणसं येणार होती.

तरी संध्याकाळी सहाला, ऑफिसात बसून मी लिहिलं. 'गुरुबसप्पा लिंगैक्य झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' मजकूर पुढं पाठवला आणि मला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी चिठ्ठीबाहेरचं काही लिहिलं होतं, आणि ते खरं होतं.

दहाच मिनिटांत विरुपाक्षाचा फोन आला. आम्ही एका वर्गातले. त्यानं बातमीचं विचारलंसुद्धा नाही.

"गुरुशांत, काय खाल्लास का न्हाय? सकाळधरनं लई धावलास माज्यासाटी." त्याचा आवाज बसला होता. "आनि रविवारचं टेन्शन घेऊ नगंस. आपल्यात सुतक कुटं असतंय? मी येतो की. तुजी पोरगी ती माजी पोरगी."

धमकी दिली असती तर कदाचित मी ताठ राहिलो असतो. पण त्यानं माझी विचारपूस केली. फोन ठेवला आणि पान लावणाऱ्या उपसंपादकाकडं गेलो.

"त्या निधनात 'एक मुलगी' हाय, तेवढं काढा. चिठ्ठी नीट वाचली नव्हती मी."

"काढलं," तो मान वर न करता म्हणाला. क्षणभरही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाक्षायणी पुन्हा दारात. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो, पळायला जागा नव्हती. काय काय सांगायचं ते रात्रभर जुळवून ठेवलं होतं. तिनं सांगायची वेळच येऊ दिली नाही.

"शेजारनीकडं वाचलं अण्णा. तुमी लिवलं असनार, मला ठाव हाय. वरच्यांनी काढलं असंल, न्हवं?"

खरं बोलायला एवढी एक जागा होती. आत दानेश्वरीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"व्हय," मी म्हणालो. "वरूनच कापलं."

"जाऊ द्या. तुमी वाईट वाटून घेऊ नगा." ती माझीच समजूत घालत होती. शरमेनं मला वर बघवेना. मग ती संकोचून म्हणाली, "अण्णा, ह्यो पेपर झाला का वाचून? आप्पांचा एक बी फोटू न्हाय माज्याकडं."

मी आतून कात्री आणून दिली. ती पायरीवर टेकली, पेपर मांडीवर पसरला आणि आप्पांच्या फोटोभोवती कात्री फिरवू लागली. त्यांच्या पटक्यापाशी हात अगदी हळू केला. सुटलेला चौकोन तिनं तळहातावर धरला, थोडा वेळ पाहिला, पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली आणि उरलेला पेपर घडी घालून माझ्या हातात दिला.

"मजकूर र्‍हाऊ द्या तुमच्याकडं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

मी घडी उलगडली. आप्पांच्या फोटोच्या जागेतून समोरचा रस्ता दिसत होता आणि खाली शेवटची ओळ तशीच होती, असा परिवार आहे.